रिठ्याच्या कुळातलं हळुवार द्रव्य
माथेरानच्या जांभळीचं पान हिरवं दिसतं ते हरितद्रव्यामुळे, आणि या हरितद्रव्याला पेशीतल्या स्निग्ध पटलात रुतलेल्या प्रथिनांनी धरून ठेवलेलं असतं. ही प्रथिनं नुसत्या पाण्यात उतरत नाहीत. कडक साबणद्रव्यानं सुटतात खरी, पण त्यांची घडीच विस्कटते. मग अभ्यासायचं काय? १९६४ मध्ये बोर्डमन आणि अँडरसन यांनी सौम्य डिजिटोनिन वापरून प्रकाशसंश्लेषणाच्या दोन यंत्रणा बऱ्याच अंशी वेगळ्या केल्या. डिजिटोनिन हे डिजिटॅलिस या फुलझाडातलं सॅपोनिन, आपल्या रिठ्याच्या फेसाच्याच कुळातलं. त्याचे रेणू प्रथिनाच्या पाणी टाळणाऱ्या भागाभोवती कडं करतात आणि प्रथिन घडीसकट पाण्यात उतरतं. मला हे हळुवारपण फार मोलाचं वाटतं. मात्रा मात्र जपून: जास्त झाली, तर प्रथिनाला हवे असलेले स्निग्ध रेणूही निघून जातात.