दुकानाचा हिशेब आणि शरीराची उधारी

सकाळी ७ वाजता दुधाच्या पिशव्या उतरतात आणि शटर वर जाते. ते खाली येते रात्री १० वाजता. दुपारचे दोन तास वगळले, तरी दिवसाचे १३ तास होतात आणि सुटीच नसेल तर आठवड्याचे ९१. गल्लीतल्या बहुतेक किराणा दुकानांचे वेळापत्रक याच्या आसपासच असते. घाऊक बाजारातली फेरी, उधारीची वसुली, जीएसटीची कागदपत्रे यांचा वेळ यात धरलेलाच नाही. पाव किलो साखरेचाही हिशेब चोख ठेवणारा दुकानदार स्वतःच्या तासांचा हिशेब मात्र क्वचितच मांडतो.

तो मांडायला हवा, कारण त्याची किंमत शरीर चुकवत असते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, तर हृदयाला रक्त कमी पडून होणाऱ्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असल्याचे त्यात आढळले. सतत ताणाखाली राहिल्याने रक्तदाब वाढतो, हे याचे एक कारण. अपुरी झोप, व्यायामाचा अभाव, अवेळी खाणे आणि तंबाखू हे दुसरे.

पाय, पोट आणि झोप

काउंटरमागे तासन् तास एकाच जागी उभे राहिल्याने पायांतले रक्त वर चढायला अडथळा येतो. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि रक्त हृदयाकडे ढकलतात. नुसते उभे राहिल्यावर हे काम मंदावते, संध्याकाळी घोट्यांवर सूज येते आणि अनेकांच्या पायांवर पुढे फुगलेल्या शिरा दिसू लागतात. एक उंच स्टूल, अधूनमधून बसणे, टाचा उचलून पुन्हा टेकणे आणि दुकानातल्या दुकानात चार पावले चालणे, एवढ्यानेही आराम पडतो.

दुकानात स्वच्छतागृह नसल्याने अनेक जण, विशेषतः स्त्रिया, दिवसभर पाणीच कमी पितात. लघवी रोखून धरण्याची सवय लागते. मूत्रमार्गाचा संसर्ग आणि मुतखडा यांना त्यामुळे वाव मिळतो.

दुकान १० वाजता बंद झाले की जेवण साडेदहा-अकराला होते आणि लगेच अंथरूण. रात्री उशिरा शरीराची साखर हाताळण्याची क्षमता दिवसापेक्षा कमी असते. त्यामुळे तेच जेवण त्या वेळी रक्तातली साखर अधिक वाढवते. भरल्या पोटी आडवे झाल्याने आम्लपित्तही बळावते. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर हवे. दुकान लवकर बंद होणार नसेल, तर साडेसात-आठला दुकानातच डब्यातली भाजी-भाकरी खावी आणि रात्री घरी हलकेच काही घ्यावे.

सर्वांत धोकादायक सवय म्हणजे दुखणे ‘दुकान बंद झाल्यावर बघू’ म्हणून पुढे ढकलणे. अचानक तोंड वाकडे होणे, एका हातातली ताकद जाणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. छातीत दाटून येणे आणि दरदरून घाम फुटणे, हेही तितकेच तातडीचे. अशा वेळी गिऱ्हाईक तसेच सोडून १०८ क्रमांकावर फोन करावा.

घरातली दुसरी पाळी

छोटे दुकान एकटा माणूस चालवत नाही. दुपारी नवरा मालाला गेला की बायको गल्ल्यावर बसते, मुले पोत्यांशेजारी गृहपाठ करतात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. दुकानातले तास या पाच तासांच्या वर चढतात. म्हणून विश्रांतीचा विचार करताना फक्त दुकानदाराचा नव्हे, तर दोघांचा करावा लागतो.

दुकान घराच्या खालीच असेल, तर काम संपतच नाही. जेवताना खालून हाक येते, रात्री अकराला मोबाईलवर यादी येते. कामानंतर शीण कसा भरून निघतो, याचा अभ्यास करणाऱ्या जर्मन मानसशास्त्रज्ञ साबीन झोनेनटाग यांनी एका गोष्टीवर भर दिला आहे: देह घरी येऊन पुरत नाही, मनही कामातून सुटावे लागते.

पाटी लावायची कशी?

१९४८ च्या कायद्यात दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवण्याची तरतूद होती. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने ३६५ दिवस दुकान उघडे ठेवण्याची मुभा दिली. नोकराची साप्ताहिक सुटी त्यातही कायम आहे. मालकाला सुटी द्यायची, तर ती त्याने स्वतःच घ्यायची.

गिऱ्हाईक तुटेल ही भीती खोटी नाही. म्हणून अंदाजावर न जाता पंधरा दिवस वहीत रात्री ९ नंतरची विक्री वेगळी लिहावी. मोबाईलवर आलेल्या पैशांच्या नोंदींत वेळ असतेच. त्या तासाचा नफा विजेचा खर्च वजा जाता किती उरतो, ते पाहावे. तो फारच थोडा असेल, तर शटर अर्धा तास आधी ओढून सुरुवात करावी. नफा मोठा असेल, तर दुपारची मंदीची वेळ बंद ठेवावी. पुण्यातल्या ‘१ ते ४ बंद’ या पाटीची कितीही थट्टा झाली, तरी जेवणानंतर येणारी सुस्ती ही शरीराच्या घड्याळाचाच भाग आहे आणि वीस मिनिटांची डुलकी तरतरी देते. वेळ ठरली की पाटी लावावी आणि ती पाळावी. वेळ पक्की असली की गिऱ्हाईकही तिला सरावते.

चाळिशी ओलांडलेल्या जोडप्याने वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. ती तारीख वहीपूजनाच्या आसपास ठेवली, तर विसरणार नाही.