म्हातारचळ की गोळीचा परिणाम?

"डॉक्टर, कुणाला सांगायची सोय नाही," म्हणत बाई रडू लागल्या. यजमान ६५ वर्षांचे, आयुष्यभर सरळमार्गी. गेले सहा महिने रात्री-अपरात्री त्यांच्या मागे लागत. परवा तर मोलकरणीचा हात धरला. मुलाने बोलणे टाकले. घरात एकच शब्द : म्हातारचळ!

मी औषधांची चिठ्ठी पाहिली. कंपवातासाठी प्रामिपेक्सोल चालू होते आणि मात्रा सहा महिन्यांपूर्वीच वाढवलेली. मेंदूत डोपामिन हे द्रव्य कमी पडले की कंपवात होतो. ही गोळी त्याची उणीव भरून काढते, पण हालचालींबरोबर सुखाची, इच्छेची केंद्रेही चेतवते. मग कुणाला जुगाराचा नाद लागतो, कुणाची कामवासना आवरेनाशी होते. अशी गोळी मनाने एकदम बंद करू नये. मेंदूविकारतज्ज्ञांनी त्यांची मात्रा हळूहळू उतरवली आणि माणूस पूर्वपदावर आला.

सगळ्यांचेच कारण गोळी नसते. झोपेविना उत्साह आणि उधळपट्टी दिसली तर उन्मादाचा संशय घ्यावा. मेंदूच्या पुढच्या भागाची झीज झाली तरी भीड सुटते. तरुणांत पुष्कळदा चिंता, एकटेपणा विसरायला लागलेली सवय असते. हस्तमैथुनाच्या नुसत्या अपराधी भावनेने येणारेही पुष्कळ. त्यांना आजारच नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीतही नुसती मनाची टोचणी रोग मानलेली नाही.

मोलकरणीची माफी यजमानांनी स्वतः मागितली. मुलगा मात्र अजून बोलत नाही. पुढच्या खेपेला त्यालाच घेऊन या, असे मी बाईंना सांगितले आहे.