कळकलेले ताक आणि कल्हईवाल्याचा हात

नववीच्या वर्गात एकदा आम्ही प्रश्न विचारला, "ताक कळकले म्हणजे काय झाले?" एकाही विद्यार्थ्याला सांगता आले नाही. एक मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी आजीकडून उत्तर घेऊन आली. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक, आमटी असे आंबट पदार्थ राहिले, की ते हिरवट होतात, त्यांना कडवट चव येते. याला कळकणे म्हणतात. पन्नास वर्षांपूर्वी हा शब्द कोणाला समजावून द्यावा लागला नसता. घरोघरी स्टेनलेस स्टीलची भांडी आली, पदार्थ कळकायचे थांबले आणि शब्द विसरला गेला. यात हळहळण्यासारखे काही नाही. पण शब्दाबरोबर एक कसबही चालले आहे, आणि त्याचा विचार मात्र करायला हवा.

ताक का कळकते?

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे संमिश्र. तांबे सौम्य आम्लातून हायड्रोजन बाहेर काढू शकत नाही. मग ताकातल्या आम्लाची त्यावर क्रिया होते कशी? येथे हवा मदतीला येते. हवेतील ऑक्सिजनमुळे तांब्यावर ऑक्साइडचा थर बनतो, आम्ल तो विरघळवते, उघड्या पडलेल्या तांब्यावर पुन्हा थर बनतो. अशा रीतीने तांब्याचे क्षार पदार्थात उतरत राहतात. ते जास्त प्रमाणात पोटात गेले तर मळमळते, उलट्या होतात.

यावर उपाय म्हणजे भांड्याला आतून कथलाचा पातळ थर देणे. अन्नातील सौम्य आम्लांची कथलावर फारच मंद क्रिया होते. हीच कल्हई. हा शब्द कथलाच्या 'कलई' या अरबी नावावरून आपल्याकडे आला.

कल्हई करताना काय घडते?

काही वर्षांपूर्वी आम्ही एका वृद्ध कल्हईवाल्यांना शाळेत बोलावले. त्यांनी मैदानाच्या कडेला लहानसा खड्डा खणला, कोळसे पेटवले, भाता जोडला. वाळूने घासलेले पातेले निखाऱ्यांवर धरले. ते तापल्यावर आत चिमूटभर नवसागर टाकला, तोच पांढऱ्या धुराचा लोट उठला. मग कथलाची कांडी भांड्याला टेकवली, वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवले आणि काळवंडलेले पातेले आतून चांदीसारखे लखलखू लागले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

या जादूमागचे रसायनशास्त्र वर्गात सहज शिकवता येते. वितळलेले कथील स्वच्छ तांब्याला चिकटते, ऑक्साइडला चिकटत नाही. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. सुमारे ३४० अंश सेल्सिअसला त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड या वायूंत विघटन होते. हे वायू कॉपर ऑक्साइडचा थर काढून टाकतात. वर गेल्यावर थंड हवेत ते पुन्हा एकत्र येतात आणि नवसागराचे बारीक कण बनतात. तोच तो पांढरा धूर. स्वच्छ झालेल्या पृष्ठभागावर कथील पसरते आणि दोन्ही धातूंच्या सीमेवर तांबे-कथलाच्या संयुगाचा अतिशय पातळ थर तयार होतो. म्हणून कल्हई रंगासारखी पोपडे धरून सुटत नाही. ती हळूहळू झिजते.

तापमापक कुठे होता?

एका मुलाने विचारले, "आजोबा, भांडं किती तापवायचं?" ते म्हणाले, "ते भांडंच सांगतंय की!"

मुले हसली. पण उत्तर शास्त्राला धरून होते. कथील २३२ अंशांना वितळते. कांडी टेकवल्यावर ती पाघळली तर भांडे त्याहून अधिक तापले आहे. म्हणजे कांडी हाच तापमापक. नवसागराचा धूर ही दुसरी खूण. फार तापले तर तांब्यावर पुन्हा ऑक्साइड धरते, कथीलही काळवंडते. म्हणून भांडे निखाऱ्यांवर ठेवायचे, उचलायचे, पुन्हा ठेवायचे. दोन मुलांनी बोळा फिरवून पाहिला. त्यांच्या हातून कथलाचे ओघळ आणि गोळे झाले. आजोबांनी पुन्हा ऊब दिली, दोन फेरे मारले, थर एकसारखा झाला.

पुढच्या वर्षी त्यांना बोलवायला गेलो, तेव्हा ते वारल्याचे कळले. मुलगा दुसऱ्या कामाला लागला होता. आमच्या वहीत रसायनशास्त्र सगळे होते. पण भांडे नेमके केव्हा उचलायचे, बोळ्यावर किती दाब द्यायचा, हे कोठेच लिहिलेले नव्हते. आम्ही ते विचारलेच नव्हते.

जे कागदावर उतरत नाही

असे ज्ञान केवळ कारागिरांकडेच असते असे नाही. मायकेल पोलान्यी यांनी १९६६ साली 'द टॅसिट डायमेन्शन' या पुस्तकात शब्दांत न मावणाऱ्या ज्ञानाची चर्चा केली. पुढे हॅरी कॉलिन्स यांनी एका प्रकारचा लेझर बनवू पाहणाऱ्या प्रयोगशाळांचा अभ्यास केला आणि तो १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्यांना असे दिसले, की केवळ छापील शोधनिबंध वाचून कोणालाच तो लेझर चालवता आला नाही. ज्यांचा तो आधी बनवलेल्यांशी प्रत्यक्ष संबंध आला, त्यांनाच यश मिळाले. म्हणजे शास्त्रज्ञालाही कोणाच्या तरी शेजारी उभे राहून शिकावे लागते.

अर्थात जुने ते सगळे खरे असेही नाही. स्वस्तात काम करण्यासाठी कथलात शिसे मिसळण्याची वाईट चालही होतीच, आणि शिसे मुलांना विशेष घातक असते. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ वाकवली, तर तिच्यातील स्फटिकांच्या हालचालीमुळे करकर आवाज येतो. शिसे मिसळलेल्या कांडीत तो मंदावतो. ही जुनी परीक्षा उपयोगी खरी, पण खात्री प्रयोगशाळेतच होते. अलीकडे हौसेने पितळेची भांडी पुन्हा घेतली जात आहेत, पण कल्हईवाला शोधून सापडत नाही. अशा वेळी हे सारे माहीत असणे केवळ आठवणींचा विषय राहत नाही.

आपण काय करू शकतो?

नवसागर तापवण्याचा प्रयोग वर्गात करू नये. त्याचा धूर त्रासदायक असतो. त्याऐवजी काळवंडलेली तांब्याची पट्टी अर्धी लिंबाच्या रसात बुडवून ठेवा. बुडालेला भाग उजळेल. दोन-तीन दिवसांत रसाला हिरवट-निळसर छटा येते का, ते पाहा. रस चाखू नये. नंतर तो ओतून टाकावा.

दुसरा उपक्रम अधिक महत्त्वाचा. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या आजूबाजूच्या एका वृद्ध माणसाचे एक कसब पाहावे. जात्याला टाकी लावणे, घोंगडी विणणे, बियाणे टिकवणे, काहीही चालेल. 'कसे करता?' एवढेच विचारून थांबू नये. पुढील प्रश्न जरूर विचारावेत :

१. काम बरोबर झाले, हे कशावरून ओळखता?
२. नवशिका कोणती चूक हमखास करतो?
३. बिघडले तर कसे सावरता?
४. हे शिकायला किती दिवस लागले?

मग ते काम स्वतः करून पाहावे, बिघडवावे, आणि त्यांनी हात धरून काय दुरुस्त केले तेही लिहावे. आमच्या वहीत नेमके तेवढेच राहून गेले. आपल्या विद्यार्थ्यांच्या वहीत ते असावे, आणि त्यासाठी पुढच्या वर्षाची वाट पाहू नये.