नव्वद हजार फेऱ्यांचा हलवा

पन्नास ग्रॅम पॉलिशचे तीळ लहान वाटीत ओतले तर वाटी जेमतेम निम्मी भरते. हजार तिळांचं वजन भरतं सुमारे तीन ग्रॅम, म्हणजे त्या निम्म्या वाटीत साडेसोळा हजारांवर दाणे आहेत. एका बोंडात पन्नास ते शंभर दाणे धरले तर ही दोन-तीनशे बोंडांची कमाई. आता यातल्या प्रत्येक दाण्यावर, एकही न वगळता, पाकाचे शेकडो थर चढवायचे आणि वर काटाही आणायचा. संक्रांतीचा हलवा तो हाच. घरच्या शेगडीवर जे जे गोड होतं त्यात आकड्यांच्या बाबतीत याच्या तोडीचं काही नाही असं माझं ठाम मत आहे. चिक्की, रेवडी, आल्याच्या वड्या याच्यापुढे पोरखेळ.

हिशेबासाठी स्वयंपाकघर जबलपूरच्या गोहलपुरातलं घेऊ. पुण्या-मुंबईचं न घेण्याला कारण आहे. जबलपुरात मराठी माणूस काल-परवा आलेला नाही. १७८१मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला घेतलं, १७९८मध्ये तो मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७मध्ये इंग्रजांकडे. पुढे १८६१पासून १९५६पर्यंत जबलपूर ज्या प्रांतात होतं त्याची राजधानी नागपूरच होती. गजक आणि रेवडीच्या या मुलखात काटेरी हलवा मात्र मराठी घरांपुरताच राहिला. आणि दुसरं कारण तिळाचं. गोहलपुराजवळच अधारतालला जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे, १९६४चं. तीळ आणि कारळे या दोन पिकांवर देशभर जे संशोधन चालतं त्याचं समन्वय केंद्र बरीच वर्षं तिथेच होतं. साखरही इथे परकी नाही. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून जो ठाऊक आहे त्या स्लीमननेच १८२०च्या दशकात मॉरिशसहून ताहितीच्या जातीचा ऊस या भागात आणला होता. आजही शेजारच्या नरसिंहपूर जिल्ह्यातल्या करेलीचा गूळ जबलपूरच्या बाजारात नावाने मागितला जातो.

तर परातीकडे. चाळीस सेंटिमीटर व्यासाची परात, खाली निखारे किंवा गॅसची अगदी बारीक ज्योत. पाक एकतारीच्या आसपासचा, साधारण १०५ अंशांचा. त्यात शंभराला सत्तर-बहात्तर भाग साखर, बाकी पाणी. जबलपूर समुद्रसपाटीपासून चारशे मीटरवर असल्यामुळे तिथे पाणीच साडेअठ्ठ्याण्णव अंशांना उकळतं. थर्मामीटर लावून पाक करणाऱ्याने पुस्तकातल्या आकड्यातून दीड अंश वजा करावा. बोटांवर तार पाहणाऱ्याला ही भानगड नाही, तार कुठल्याही उंचीवर तारच असते. पाकाची मळी चमचाभर दूध घालून काढावी. लिंबू जास्त पिळलं की साखर फुटते, तिचे स्फटिक धरत नाहीत आणि दाणे गुळगुळीत, चिकट राहतात.

चमचाभर पाक तिळांवर सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी गोल गोल फिरवत राहायचं. दाणे आधी एकमेकांना बिलगतात, मग बोटांखाली खरखर लागते, मग सुटे होऊन परातीत सळसळ वाजायला लागतात. सळसळ आली की पुढचा चमचा. घाई केली तर गठ्ठे होतात, आच वाढवली तर पांढऱ्याचा पिवळा रंग होतो.

एका चमच्यात साखर पडते सुमारे पाच ग्रॅम. ती साडेसोळा हजार दाण्यांत वाटली तर दाण्याच्या वाट्याला येते ०.३ मिलिग्रॅम. कोऱ्या तिळावर तिचा थर बसतो एका मिलिमीटरच्या साठाव्या भागाएवढा, माणसाच्या केसाच्या पाव जाडीचा. पण दाणा मोठा होत जातो तसं त्याचं अंगही वाढतं, आणि चमचा तेवढाच राहतो. पाच मिलिमीटरच्या टपोऱ्या दाण्यावर तोच पाक केसाच्या तिसाव्या हिश्श्याएवढा उरतो. हलवा सुरुवातीला भराभर वाढतो आणि नंतर रुसल्यासारखा अडून बसतो, अशी तक्रार नव्याने करणारा प्रत्येक जण करतो. पाक तेवढाच, अंग मात्र सातपट झालेलं, एवढंच त्यामागे आहे.

पाच मिलिमीटरचा दाणा नव्वद-शंभर मिलिग्रॅमचा. म्हणजे तीन मिलिग्रॅमचा तीळ तीसपट झाला. पन्नास ग्रॅम तिळाला दीड किलो साखर लागली, चमचे झाले तीनशे. दीड किलो साखरेला ऊस लागतो पंधरा किलोंच्या घरात. प्रत्येक चमचा वाळायला पाच मिनिटं धरली तर पंधराशे मिनिटं, पंचवीस तास. हे एका बैठकीत कुणी करत नाही. तीन-चार दिवसांत, सकाळ-संध्याकाळ मिळून होतं. सेकंदाला बोटांची एक फेरी धरा. नव्वद हजार फेऱ्या.

या पंचवीस तासांत उष्णता किती लागते? तीनशे चमच्यांतून उडवायचं पाणी सहाशे ग्रॅमच्या आत-बाहेर. तेवढ्या पाण्याची वाफ करायला कागदावर तीस ग्रॅम गॅसही लागत नाही. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून पाचशे वेळा हलवा निघावा! प्रत्यक्षात बहुतेक आच परातीच्या बाजूने उडून जाते, तरी मुद्दा कायम राहतो. इंधन या कामाचा अडसर नाही. पाण्याला दाण्यातून निघायला वेळ लागतो आणि तो वेळ कुणीतरी हात घालून बसावं लागतं.

आता जरा खाली, डोळ्यांना न दिसणाऱ्या पातळीवर. साखरेचा एक मिलिमीटरचा कण सुमारे १.६ मिलिग्रॅमचा. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५०मध्ये, एकं-दहंपासून मोजत गेलं की अठरावं आणि शेवटचं स्थान येतं परार्धाचं, एकावर सतरा शून्यं. त्या एका कणात साखरेचे रेणू अठ्ठावीस परार्ध आहेत. ‘लीलावती’तली मोजणीची सगळी नावं साखरेच्या एका कणाला पुरत नाहीत. परातीतल्या दीड किलोत ते होतात दोन कोटी साठ लाख परार्ध, आणि पंचवीस तासांवर वाटले तर दर सेकंदाला जवळजवळ तीनशे परार्ध रेणू बोटांखालून दाण्यांवर जाऊन बसतात. मला मात्र याच्या उलट निघणारा आकडा जास्त चक्रावणारा वाटतो. दाण्याची त्रिज्या एकूण वाढते १.६ मिलिमीटरभर. रेणूची जाडी एक नॅनोमीटर धरली तर थर होतात सोळा लाखांच्या आसपास, आणि नव्वद हजार सेकंदांनी भागल्यावर उरतात अठरा. सेकंदाला फक्त अठरा रेणूंची वाढ. परार्धांची रेटारेटी चालू असताना दाणा पुढे सरकतो तो या चालीने.

काटा येतो त्याचं कारणही याच चालीत आहे. दाण्यावर कुठे किंचित उंचवटा असला की तो पाक आधी पकडतो आणि आधी वाळतो, त्यामुळे पुढच्या वेळी आणखी उंच होतो. खळगे मागे पडतात. हवा कोरडी आणि थंड असली की वाळणं झपाट्याने होतं, म्हणून जबलपूरची जानेवारीतली पहाट या कामाला मुंबईच्या दमट दुपारपेक्षा कितीतरी बरी. जपानी लोकांचा कोम्पेइतो हा याचाच चुलतभाऊ. पोर्तुगिजांनी नेलेली ही मिठाई १५६९मध्ये पाद्री लुईश फ्रोइश यांनी ओदा नोबुनागा या सरदाराला काचेच्या भांड्यातून नजर केली होती. तिच्या पोटातही पूर्वी खसखस असायची. आज ती फिरत्या तिरक्या कढईत होते, तरी तयार व्हायला दोन आठवडे लागतात. तेरादा तोराहिको या भौतिकशास्त्रज्ञाने तिच्या काट्यांवर लेख लिहिला. आपल्या हलव्याच्या वाट्याला असा पदार्थवैज्ञानिक अजून यायचा आहे. आपण हलवा सुनेच्या गळ्यात घातला, बाळाच्या बोरन्हाणात उधळला आणि मोकळे झालो. चाळीस सेंटिमीटरच्या माळेला ऐंशी दाणे लागतात. आपल्या परातीतले सगळे ओवले तर माळ त्र्याऐंशी मीटर होईल.

हाच हिशेब महाराष्ट्रावर टाकून पाहू. २०११च्या जनगणनेत राज्यात सुमारे २ कोटी ३८ लाख घरं होती. प्रत्येकाने अशी एक परात केली तर साखर लागेल छत्तीस हजार टनांच्या आसपास. राज्याच्या कारखान्यांनी २०२१-२२च्या हंगामात १३७ लाख टन साखर काढली. हंगाम साडेपाच महिन्यांचा धरला तर अख्ख्या महाराष्ट्राच्या हलव्याची साखर साडेदहा तासांत पोत्यात. आणि ती दाण्यांवर चढवायला? घरटी पंचवीस तास म्हणजे जवळपास साठ कोटी तास, अडुसष्ट हजार वर्षं. एका बाजूला साडेदहा तास, दुसऱ्या बाजूला अडुसष्ट हजार वर्षं, आणि मधे बोटांची टोकं. दुकानातला हलवा स्वस्त का, हेही इथेच कळतं. थर तीनशेचे तीनशेच राहतात, पण फिरत्या कढईत ते एकाच वेळी क्विंटलभर मालावर चढतात. घरी उलट होतं: पन्नासऐवजी दहा ग्रॅम तीळ घेतले म्हणून वेळ पाचपट वाचत नाही, कारण थर तेवढेच द्यायचे असतात.

तरी करायचाच असेल तर परातीचं क्षेत्रफळ आधी पाहा. चाळीस सेंटिमीटरच्या परातीत साडेसोळा हजार तीळ एका थरात जेमतेम मावतात. टपोरा झालेला हलवा त्याच परातीत एका थरात मावतो फक्त पाच हजार दाण्यांएवढा. बाकीचे एकमेकांवर चढतात, वाळत नाहीत आणि एकमेकांचे काटे मोडतात. म्हणून शंभरेक चमचे झाले की दाणे चाळून तीन हिस्से करावेत, दोन डब्यात घट्ट झाकून ठेवावेत आणि एकच परातीत घ्यावा. पाक तेव्हा चमच्याऐवजी चमच्याच्या तिसऱ्या हिश्श्याने सोडायचा. घरात तीन शेगड्या आणि तीन माणसं असतील तर तिन्ही हिस्से एकदम चालतात. एकटीनेच करायचा असेल तर उरलेले दोनशे थर तीनदा द्यावे लागतील आणि पंचवीस तासांचे होतील जवळपास साठ, तेव्हा तीळ मार्गशीर्षातच निवडायला घ्यावेत.