शेवंतीला कळी धरायला कोण सांगतं?

शेवंती बहरते रात्री लांबल्यावर. पण गंमत बघा, रात्र मोजतं पान आणि कळी धरते शेंड्याला! वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाइल चैलाख्यान यांनी १९३० च्या दशकात शेवंतीवरच प्रयोग केला. शेंड्याकडची पानं खुडली, फक्त खालच्या पानांना लांब रात्री दिल्या. तरी वर फुलं आली. पानातून वर जाणाऱ्या या निरोप्याला त्यांनी नाव दिलं फ्लोरिजेन.

तो हाती लागायला मात्र २००७ उजाडलं. निघालं 'एफटी' नावाचं चिमुकलं प्रथिन, अरॅबिडॉप्सिस नावाच्या रोपात जेमतेम १७५ अमिनो आम्लांचं! भातातही त्याचाच भाऊबंद. रसवाहिनीतून शेंड्यात पोचलं की ते 'एफडी' प्रथिनाशी जोडी जमवतं आणि फुलाची जनुकं चालू होतात.

तुमच्या शेवंतीवर रात्रभर दिव्याचा उजेड पडतो का? मग पानाला रात्र लांबलेली कळणारच नाही; खत बदलण्याआधी कुंडी हलवा.