एंटरप्राइझ सॉफ्टवेअरची रचना आणि क्लाउड तंत्रज्ञान : नेटफ्लिक्सच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
बँका, विमा कंपन्या, रेल्वे व मोठे उद्योग यांचे दैनंदिन व्यवहार ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, त्यास एंटरप्राइझ सॉफ्टवेअर असे म्हणतात. हजारो वापरकर्ते, परस्परांत गुंतलेले विभाग आणि अनेक वर्षांची साठलेली माहिती ही त्याची प्रमुख वैशिष्ट्ये होत. असे सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवरून क्लाउडवर नेले की ते आपोआप भरवशाचे होते, असा समज आढळतो. हा समज कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात नेटफ्लिक्स या अमेरिकन कंपनीच्या उदाहरणाद्वारे केला आहे.

क्लाउड सेवेचे प्रकार :
अमेरिकेतील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०११ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार क्लाउड सेवेचे तीन प्रकार आहेत.
१) पायाभूत सुविधा : यात सर्व्हर, साठवण व नेटवर्क भाड्याने मिळते, ऑपरेटिंग सिस्टीमपासून पुढील सर्व ग्राहकाने सांभाळावयाचे असते. अ‍ॅमेझॉनने २००६ मध्ये सुरू केलेली ईसी-टू ही सेवा या प्रकारात मोडते.
२) प्लॅटफॉर्म : यात ग्राहकाकडे केवळ स्वतःचा प्रोग्रॅम व माहिती राहते.
३) सॉफ्टवेअर : यात तयार सॉफ्टवेअर इंटरनेटद्वारे वापरावयाचे असते.
यावरून असे दिसते की, क्लाउडमुळे ग्राहकाची जबाबदारी संपत नाही, तर ती विभागली जाते.

नेटफ्लिक्सचा अनुभव :
ऑगस्ट २००८ मध्ये नेटफ्लिक्सच्या डेटाबेसमध्ये बिघाड झाला आणि तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठविता आल्या नाहीत. त्यानंतर कंपनीने अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर जाण्याचा निर्णय घेतला. जुनी प्रणाली जशीच्या तशी हलविणे सोपे होते. परंतु तिच्यासोबत तिचे दोषही गेले असते. म्हणून एकसंध प्रोग्रॅमच्या जागी शेकडो लहान, स्वतंत्र सेवा उभारण्यात आल्या. त्यामुळे एक सेवा बंद पडली तरी संपूर्ण व्यवहार ठप्प होण्याचा धोका कमी झाला. चालू सर्व्हर मुद्दाम बंद पाडून प्रणाली टिकते की नाही, हे पाहणारे ‘केऑस मंकी’ नावाचे साधनही कंपनीने तयार केले. हे स्थलांतर जानेवारी २०१६ मध्ये, म्हणजे सुमारे सात वर्षांनी पूर्ण झाले.

क्लाउडच्या मर्यादा :
२८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनिया विभागात देखभालीची आज्ञा देताना चूक झाली. अपेक्षेपेक्षा अधिक सर्व्हर बंद पडले व साठवण सेवा सुमारे चार तास विस्कळीत झाली. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. ज्या ग्राहकांनी बॅकअप अन्यत्र ठेवला नव्हता, त्यांपैकी अनेकांची माहिती कायमची नष्ट झाली. भारतात अ‍ॅमेझॉनचे मुंबई विभाग २०१६ मध्ये व हैदराबाद विभाग २०२२ मध्ये सुरू झाल्याने देशातच दोन दूरच्या ठिकाणी माहितीच्या प्रती ठेवणे शक्य झाले आहे. मात्र ती व्यवस्था ग्राहकाने स्वतः करावी लागते व तिचा खर्चही त्यालाच सोसावा लागतो.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, क्लाउडवर जाणे हा केवळ जागाबदल नसून सॉफ्टवेअरच्या रचनेचा प्रश्न आहे. कोणता भाग बंद पडल्यास काय थांबेल आणि माहितीची दुसरी प्रत कोठे आहे, या प्रश्नांची उत्तरे संस्थेने स्थलांतरापूर्वीच शोधणे आवश्यक ठरते.