गुन्ह्यांचे आकडे : नोंद, प्रकाशन आणि अर्थ

भारतातील गुन्ह्यांची वार्षिक आकडेवारी ‘क्राइम इन इंडिया’ या अहवालाच्या रूपाने १९५३ सालापासून संकलित होत आली आहे. १९८६ साली राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची स्थापना झाल्यावर हे कार्य त्याच्याकडे आले. आता हे अहवाल विभागाच्या संकेतस्थळावर कोणासही विनामूल्य पाहावयास मिळतात. लोकशाहीच्या दृष्टीने हा बदल इष्टच होय. तथापि आकडा हाती येणे व त्याचा अर्थ हाती येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सदर अहवाल घडलेले गुन्हे मोजीत नाही. पोलीस ठाण्यात नोंदले गेलेले गुन्हे मोजतो. शिवाय एकाच फिर्यादीत अनेक अपराध असतील, तर त्यांतील सर्वांत गंभीर अपराधच गणनेत धरला जातो. घरफोडी करताना खून झाला, तर आकड्यांत तो केवळ खून म्हणून उरतो. घडलेली घटना आणि छापील आकडा यांच्या दरम्यान तक्रारदाराचे धैर्य, ठाणे अंमलदाराची वृत्ती आणि त्याने लावलेले कलम अशा अनेक पायऱ्या असतात. चोरीस गेलेली वस्तू ‘गहाळ’ म्हणून लिहून घेतली, की आकडेवारीपुरती ती चोरी झालेलीच नसते. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यास तो नोंदणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगावे लागले, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येईल.

केरळात लोकसंख्येच्या मानाने नोंदल्या जाणाऱ्या गुन्ह्यांचे प्रमाण उत्तर प्रदेशापेक्षा बरेच अधिक दिसते. एवढ्यावरून केरळ अधिक असुरक्षित ठरविणे उतावीळपणाचे होईल; जेथे फिर्याद सहज घेतली जाते तेथे आकडा फुगणे स्वाभाविक आहे. गुन्ह्यांत वाढ आणि नोंदणीत वाढ या निराळ्या गोष्टी होत, असा इशारा अहवालकर्तेही देत आले आहेत.

न नोंदलेल्या दुःखाचा अंदाज अन्य साधनांनी घ्यावा लागतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती. इंग्लंड व वेल्समध्ये १९८२ पासून थेट नागरिकांना विचारून गुन्ह्यांचे सर्वेक्षण केले जाते. तेथे २०११ साली रस्त्यागणिक गुन्ह्यांचे नकाशे महाजालावर खुले झाले. परंतु २०१४ साली, पोलिसी नोंदींच्या विश्वसनीयतेविषयी शंका निर्माण झाल्याने, त्या आकडेवारीचा ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ हा दर्जा काढून घेण्यात आला. केवळ प्रकाशनाने आकडा खरा होत नाही, हे यावरून सिद्ध होते.

किंबहुना प्रकाशनात एक धोकाही संभवतो. कमी आकडा म्हणजे कार्यक्षम ठाणे, असा निवाडा वृत्तपत्रे व विधिमंडळे करू लागली, तर आकडा उतरविण्याचा सर्वांत सोपा मार्ग फिर्यादीस परत पाठविणे हाच राहील. आणि ज्याच्या हितासाठी ही माहिती खुली करावयाची तोच नागरिक दाराबाहेर उभा राहील.

म्हणून तीन गोष्टी अगत्याच्या आहेत. पहिली, वेळेवर प्रकाशन : २०१७ सालचा अहवाल ऑक्टोबर २०१९ मध्ये आणि २०२३ सालचा २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, इतक्या विलंबाने आलेली माहिती इतिहासकाराच्या उपयोगी पडेल, पण कारभार सुधारण्यास फारशी नाही. दुसरी, पीडितांच्या गोपनीयतेस बाध न आणता ठाणेनिहाय तपशील, व्याख्यांसह आणि संगणकावर पडताळता येईल अशा स्वरूपात. २०१६ साली प्राथमिक खबरी अहवाल सामान्यतः चोवीस तासांत संकेतस्थळावर ठेवण्याचा आदेश देताना सर्वोच्च न्यायालयाने लैंगिक अपराधांसारखी संवेदनशील प्रकरणे वगळली, ती याच विवेकाने. तिसरी, पोलिसी नोंदींहून स्वतंत्र असे नियमित नागरिक सर्वेक्षण. या दोन आकड्यांतील अंतर ज्या वर्षी कमी होईल, त्या वर्षी पोलिसी आकडा वाढलेला दिसला तरी ती सुधारणाच मानावी लागेल.